घरातल्या रोजच्या हिशोबातून पक्कं होईल मुलांचं गणित. पालकांनी काय करावं, वाचा सविस्तर

पन्नासची नोट घेऊन दुकानात गेलेलं पोरगं ३२ रुपयांचं सामान घेतं आणि १८ रुपये बरोबर मोजून घरी आणतं. तेच पोरगं शाळेत ५० वजा ३२ हे गणित दिसलं की थबकतं, नाहीतर २२ लिहून मोकळं होतं. गावोगावी पालक आणि शिक्षक दोघांचाही हा अनुभव आहे. मग पोराला गणित येतं की नाही?

उत्तर असं, की तोंडी येतं, पण वहीतलं गणित आणि दुकानातला हिशोब एकच आहे हे त्याला कुणी जोडून दाखवलेलं नसतं. नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या चमूने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातले अवघड हिशोब तोंडी करणारी बरीच मुलं तसंच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं की अडकली. उलट, वहीत गणित सोडवणाऱ्या शाळकरी मुलांना बाजारातला हिशोब जमेना.

म्हणजे नुसतं दुकानात पाठवून भागत नाही आणि नुसतं वहीत घोकूनही भागत नाही. दोन्ही जोडावं लागतं, आणि ते काम घरी होऊ शकतं. त्यासाठी पालक शिकलेला असलाच पाहिजे असं नाही.

आधी तीन प्रश्न लक्षात ठेवा

कोणताही हिशोब असो, मुलाला हे तीन प्रश्न विचारायचे :

१. अंदाजे किती होईल?
२. कसं काढलंस, सांग बरं?
३. आता वहीत मांडून दाखव.

पहिल्या प्रश्नाने अंदाज सुधारतो. दुसऱ्याने पोराचं डोकं कसं चाललंय ते कळतं. तिसऱ्याने तोंडी हिशोब वहीत उतरतो. आईवडिलांना लिहिता-वाचता येत नसलं तरी हे तिन्ही प्रश्न विचारता येतात. उत्तर तपासायला मोबाईलमधला कॅल्क्युलेटर आहेच, पण तो शेवटी काढायचा.

नोटा आणि नाणी : पहिली ते तिसरी

मराठीत आकडे शिकताना एक अडचण असते. आपण 'त्रेपन्न' म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर, पण लिहिताना ५ आधी येतो. म्हणून बरीच मुलं ५३ च्या जागी ३५ लिहितात. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. याच कारणाने २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन', 'पन्नास तीन' अशी वाचनाची पद्धत आली होती. त्यावर राज्यभर मोठा वाद झाला.

घरी यावर सोपा उपाय आहे. दहाच्या काही नोटा आणि रुपयाची नाणी घ्या. त्रेपन्न म्हणजे दहाच्या पाच नोटा आणि तीन रुपये. पोराला मांडायला सांगा, मग लिहायला सांगा. नोटा डावीकडे, नाणी उजवीकडे.

वजाबाकीही अशीच दाखवा. दहाच्या पाच नोटा आहेत आणि द्यायचे आहेत ३२ रुपये. तीन नोटा दिल्या, पण वरचे दोन रुपये सुटे नाहीत. मग एक नोट मोडायची, दहा नाणी करायची, त्यातली दोन द्यायची. उरली एक नोट आणि आठ नाणी, म्हणजे १८. शाळेत दशक सुटा करायला सांगतात तो हाच. लगेच वहीत ५० - ३२ मांडून घ्या.

भाकरी आणि तराजू : तिसरी ते पाचवी

अपूर्णांक आले की मुलं घाबरतात. १/८ हा १/४ पेक्षा मोठा, असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण ८ हा ४ पेक्षा मोठा आहे. एका भाकरीचे चार चतकोर करा, तेवढ्याच दुसऱ्या भाकरीचे आठ तुकडे करा आणि विचारा, भूक लागल्यावर कोणता तुकडा घेशील? उत्तर आपोआप मिळतं. दोन चतकोर मिळून अर्धी भाकरी, म्हणजेच २/४ = १/२.

आठवडी बाजारात गेल्यावर वजनं विचारा. पाव किलो २५० ग्रॅम, अर्धा ५००, पाऊण ७५०, सव्वा १२५०, दीड १५००, अडीच २५०० ग्रॅम. वांगी ६० रुपये किलो असतील तर पाऊण किलोचे किती? अर्ध्याचे ३० आणि पावचे १५, मिळून ४५. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असायची. घरात आजी-आजोबांना येत असेल तर नातवंडांना त्यांच्याजवळ बसवा.

डेअरी, शेत आणि एसटी : पाचवी ते आठवी

डेअरीची पावती हे गुणाकाराचं तयार उदाहरण आहे. समजा साडेसहा लिटर दूध आणि ३४ रुपये दर. सहा लिटरचे २०४, अर्ध्याचे १७, मिळून २२१. वहीत हेच ६.५ × ३४ असं मांडायचं.

कांद्याचा भाव क्विंटलला १८०० असेल तर किलोला १८. गोणी ४७ किलो भरली तर? ५० किलोचे ९००, त्यातून ३ किलोचे ५४ वजा, राहिले ८४६.

क्षेत्रफळ वावरातच दाखवा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं. १०० आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक आर जवळपास एका गुंठ्याएवढा. ०.८० हेक्टर म्हणजे सुमारे दोन एकर आणि ०.०८ हेक्टर म्हणजे जेमतेम आठ गुंठे. एका शून्याने जमीन कुठल्या कुठे जाते, हे ज्या पोराला कळलं त्याला दशांश चिन्ह कळलं.

फवारणीचा हिशोबही विचारता येतो. लिटरला २ मिली तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. मात्र औषधाला पोरांनी हात लावायचा नाही, हिशोब फक्त कागदावर.

एसटीचं तिकीट ६० रुपये आहे. वडिलांचं पूर्ण, आईचं महिला सवलतीत अर्धं, आठ वर्षांच्या पोराचं अर्धं, ७६ वर्षांच्या आजोबांना मोफत. एकूण किती? उत्तर १२०. प्रवासात असले प्रश्न पोरं आवडीने सोडवतात.

खेळता खेळता गणित

चिंचोके लपवणे : दहा चिंचोके मोजून घ्या. काही मुठीत लपवा, बाकीचे समोर ठेवा. मुठीत किती? दहाच्या जोड्या (६-४, ७-३, ८-२) पक्क्या झाल्या की बेरीज-वजाबाकी झटपट होते. नंतर वीस घ्या.

सापशिडी : एकाऐवजी दोन फासे टाका. घरं मोजत जाण्याऐवजी आधी सांगायचं, '४७ वर आहे, ९ पडले, ५६ वर जाणार.' चुकलं तर डाव गेला.

लग्नपत्रिकेची पानं : जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूला ० ते ९ आकडे लिहून चौकोन कापा. प्रत्येकाने तीन पानं उचलायची आणि त्यातून सगळ्यात मोठी संख्या करायची. ज्याची मोठी तो जिंकला. मग दोघांच्या संख्यांतला फरक काढायचा.

पाढा अडला तर : साताचा येत नसेल तर पाचाचा आणि दोनाचा मिळवा. ७ × ६ म्हणजे ३० आणि १२, बरोबर ४२.

हे टाळा

- चुकल्यावर मारणं, चारचौघांत हसणं किंवा 'तुझ्या डोक्यात गणितच नाही' म्हणणं. भीती बसली की येणारं गणितही चुकतं.
- फक्त मुलालाच दुकानात, डेअरीवर पाठवणं. मुलीच्या हातीही पैसे आणि पावती द्या. पुढे घराचा, बचत गटाचा, शेताचा हिशोब तिलाही बघायचा आहे.
- एकाच दिवशी तासभर बसवणं. रोज १०-१५ मिनिटं पुरेत.
- बोटांवर मोजलं म्हणून रागावणं. सवय झाली की बोटं आपोआप सुटतात.
- हिशोब शिकेल म्हणून शाळा बुडवून कामाला जुंपणं.

गुरुजींना कधी भेटावं?

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि साधं गणित यावं, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे. तिसरीतल्या मुलाला दोन अंकी संख्या ओळखता येत नसेल किंवा चौथीत साधी वजाबाकी जमत नसेल, तर परीक्षेची वाट बघू नका. वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि नेमकं कुठे अडतंय ते विचारा. घरी तोंडी येतं, वहीत अडतं, की दोन्हीकडे अडतं, एवढं सांगितलं तरी शिक्षकांचं काम सोपं होतं.

सुरुवात आजच्या किराणा सामानापासून करता येईल. यादी पोराच्या किंवा पोरीच्या हातात द्या, आधी अंदाज विचारा, घरी आल्यावर बेरीज वहीत लिहून घ्या.