कामगार भरपाई विमा : दारे-खिडक्या बसवणारे ठेकेदार

बाराव्या मजल्यावर स्लायडिंग खिडकीची चौकट बसवताना फिटर घसरला, तर पैसे कोण देणार? भारतात याचे उत्तर 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने दिले. तो 1 जुलै 1924 पासून अमलात आला. त्याच्या तरतुदी पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आल्या.

कामामुळे आणि कामावर असताना झालेल्या अपघाताची जबाबदारी मालकावर येते; चूक त्याची होती का, हा प्रश्न इथे गौण. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तीस वर्षांच्या फिटरसाठी गुणक 207.98, 15,000 रुपये वेतन धरले तर भरपाई 15,59,850 रुपये. चार माणसांच्या छोट्या ठेकेदाराला हा आकडा बुडवायला पुरेसा आहे, आणि विम्याची गरज इथेच पटते.

काचेने हात कापणे, परांचीवरून पडणे हे या धंद्यातले नेहमीचे धोके. ठेकेदाराने हात वर केले तरी कामगार काम देणाऱ्या बिल्डरकडे भरपाई मागू शकतो. बिल्डर ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करतो. म्हणूनच बिल्डर आधी पॉलिसी मागतात.

हप्ता जाहीर केलेल्या वेतनावर ठरतो. पैसे वाचवायला माणसे कमी दाखवणे ही जुनी खोड, आणि ती महागात पडते. भरपाई लांबवल्याबद्दलचा दंड मात्र विमा कंपनी भरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिला.