तात्यांची टायरगाडी आणि माझी जीप

दोन महिन्यांपूर्वी एक सेकंडहँड जीप घेतली. आठवडाभर कंप्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला एखादं खूळ लागतंच, मला हे लागलं. मग वीकेंडचा अभ्यास सुरू झाला. टायर ऑल टेरेन घ्यायचे की मड टेरेन? सस्पेन्शन दोन इंच उचलायचं का? एक्सेल शीट बनवली. (आम्ही लोक साबण घेतानाही एक्सेल शीट बनवतो.)

दिवाळीनंतर जीप घेऊन गावी गेलो, बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडे. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, वीसेक वर्षं ऊसतोडीला जायचे. त्यांना मोबाईलवर नव्या टायरचा फोटो दाखवला.

"हे बसवून काय हुईल?"

"खड्डे कमी लागतील, तात्या. चिखलात गाडी रुतणार नाही."

तात्या हसले. "आमच्या गाडीला टायर आलं तवाबी असंच म्हनले व्हते. बैलाला सुख हुईल म्हनून."

"मग झालं नाही का?"

"वझं वाढलं."

पुण्याला परत येईपर्यंत हे दोन शब्द डोक्यातून जाईनात. म्हणून शीट बाजूला ठेवून टायरचा इतिहासच वाचायला घेतला.

पहिली गंमत म्हणजे हवेचं टायर मोटारीसाठी जन्मलंच नाही. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने १८४५ साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारी कुठे होत्या? त्याने ते घोडागाड्यांना लावून दाखवलं. पण ते महाग पडलं आणि लोक विसरले. मग १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तेच पुन्हा शोधून काढलं. हा डनलॉप पेशाने जनावरांचा डॉक्टर! त्याच्या नावाच्या कंपनीचा कारखाना १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला सुरू झाला, आणि पुढे उत्तरेत काही भागांत टायरच्या गाडीलाच 'डनलप' म्हणू लागले.

आपल्याकडची जुनी बैलगाडी म्हणजे लाकडी आरे आणि वरून लोखंडी धाव. चाक चांगलं मोठं, त्यामुळे खड्ड्यावरून सहज चढून जायचं. पण धाव अरुंद. आमच्या घाटावरच्या मुरमात ती ठीक चालते, खाली गोदाकाठच्या काळ्या मातीत पाऊस पडला की सुरीसारखी आत जाते. चाक जितकं रुतेल तितकं ते प्रत्येक पावलाला स्वतःच केलेल्या खड्ड्यातून बाहेर ओढावं लागतं. हवेचं टायर जरा चपटं होऊन बसतं, वजन जास्त जागेवर पसरतं, आणि बैलाची ओढ कमी होते. ऑफ-रोडवाले वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करतात ती याच कारणाने.

दुसरी गंमत मापाची. बैलगाडीच्या टायरला दुकानात 'एडीव्ही' म्हणतात, म्हणजे जनावराने ओढायच्या गाडीचं टायर. त्यात एक माप मिळतं ८.००-१९. रिम १९ इंच, वर-खाली आठ-आठ इंच टायर, म्हणजे ढोबळ हिशोबाने ३५ इंच उंची. ऑफ-रोडवाले ज्या ३५ इंची टायरची स्वप्नं बघतात, ते ऊसतोडीच्या गाडीला कधीपासून आहेत! २०२० ची नवी थार कंपनीतून १८ इंची रिमवरही आली, तिचं टायरसुद्धा ३१ इंचाच्या आसपासच भरतं :-)

आणि सस्पेन्शन? ते नाहीच. ना पाटे, ना कॉइल. सरळ लोखंडी आख. ताशी तीन-चार किलोमीटर वेगाला स्प्रिंगचा खर्च कोण करणार? जो काही धक्का खायचा तो टायरमधल्या हवेने. उरलेला धक्का जातो जुवावर, आणि जू असतं बैलाच्या मानेवर.

इथे तात्यांचं 'वझं' येतं. जनावरांना क्रूरतेने वागवू नये म्हणून १९६५ साली केंद्राने नियम केले. त्यात मोठ्या बैलाच्या दोनचाकी गाडीचा भार ठरवलाय : हवेचे टायर नसतील तर ९०० किलो, टायर असतील तर १३५०, बॉल बेअरिंग असतील तर १८००. हिशोब चूक नाही, ओढायला खरंच तेवढं सोपं जातं. पण म्हणजे टायरने वाचवलेली ताकद बैलाला विश्रांती म्हणून मिळाली नाही, कायद्यानेच ती जास्तीच्या भारात मोजून दिली.

प्रत्यक्षात गाडी त्याहून जास्त भरते. तात्या दोन-अडीच टन सांगतात. टायरगाडी कारखान्याची, तिचं भाडं कापलं जायचं. बैल आपले, तेही मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले. मजुरी टनावर. उचल फेडायची असेल तर गाडीत चार मोळ्या जास्त टाकणं हाच एक मार्ग. यात तात्यांना क्रूर म्हणणं सोपं आहे, पण त्याच खेपेसाठी तात्या आणि काकू पहाटे चारला फडात उभे असायचे. तेही जुंपलेलेच की.

दोनचाकी गाडीत भार पुढे आला तर मान दबते, मागे गेला तर जू वर उचलून गळ्याला लागतं. उतारावर ब्रेक नाही, बैलच गाडी अंगावर घेऊन थोपवतात. बंगलोरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्याचा ध्यास घेतला होता. त्यांचं म्हणणं होतं की नुसतं चाक बदलून भागणार नाही, जूसुद्धा बदललं पाहिजे. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाने एक साधी गोष्ट केली : जुवाजवळ खाली एक आधाराचं चाक. मानेवरचा भार जमिनीवर गेला. माझ्या मते ऊसगाडीचं खरं सस्पेन्शन अपग्रेड हेच. कारण टायरचा फायदा भार वाढवून काढून घेता येतो, मानेखालचा आधार तितक्या सहज काढून घेता येत नाही.

आता माझ्या जीपचं. शीटमधून दोन इंच लिफ्ट उडवली. गाडी उंच झाली की गुरुत्वमध्य वर जातो आणि घाटातल्या वळणावर ती जास्त कलते, शिवाय मला जायचंय पाटोद्यालाच, लडाखला नाही. मड टेरेनही नको, अर्धा प्रवास डांबरावरच होतो. मूळ मापाचे ऑल टेरेन आणि नवे शॉक अॅब्सॉर्बर, बस्स.

टायर बसवून परवा तात्यांना शेतापर्यंत फिरवून आणलं. बांधावरून जीप उतरली तेव्हा त्यांनी सवयीने पाय पुढे रोवले, गाडी थोपवायला. मग म्हणाले, "चांगलं हाय. फक्त म्हागं पोती नको भरू."