अठरा मीटरच्या पुढे

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वास घेताच लागेल तेवढी हवा देणारा रेग्युलेटर तयार केला. पुढच्या काही वर्षांत तो अमेरिकेत विक्रीला आला. लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड भागात रेने ब्युसोझ यांच्या खेळसाहित्याच्या दुकानात पैसे मोजले की ‘ॲक्वालंग’ नावानं तो मिळत असे. तुम्ही कुठे शिकलात, असं विचारायची तेव्हा रीतच नव्हती. श्वास रोखून वर आलं तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं, हे नौदलाच्या पाणबुड्यांना पक्कं ठाऊक होतं. दुकानातून सिलिंडर उचलून थेट समुद्रावर जाणाऱ्याला ते ठाऊक असेलच, याची खात्री कोण देणार?

मी मालवणात स्कूबा शिकवते. नवा पाणबुड्या पुढच्या प्रशिक्षणाला तयार झाला हे कधी म्हणायचं, हा प्रश्न माझ्यापुढे हंगामभर असतो. त्याची उत्तरं गेल्या सत्तर वर्षांत बदलत गेली. ती कशी बदलली, हे प्रत्येक शिकवणाऱ्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनराड लिंबॉ हे जीवशास्त्रज्ञ शास्त्रज्ञांना पाण्याखाली काम करायला शिकवत होते. १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीचे ॲल टिलमन आणि बेव्ह मॉर्गन त्यांच्याकडे शिकले. लगेच पुढच्या वर्षी काउंटीनं प्रशिक्षक घडवायचा वर्ग सुरू केला. सामान्य नागरिकांच्या डाइव्हिंग-शिक्षणाची घडी बसली ती इथे. १९६० मध्ये टिलमन आणि नील हेस यांनी ‘नॉई’ ही देशव्यापी संस्था उभी केली.

तेव्हाचा वर्ग कडक असे. पोहायला लावून दमवायचे, पाण्याखाली मास्क ओढून काढायचे, हवा बंद करायचे, एकाच रेग्युलेटरवर दोघांना आळीपाळीनं श्वास घ्यायला लावायचे. त्याला कारणही होतं. अनेकांच्या सिलिंडरला हवा किती उरली हे दाखवणारा मापक नसे. श्वास ओढायला जड जाऊ लागला की राखीव हवेची कळ खेचायची आणि वर निघायचं. हवा भरून तरंगता येईल असं जॅकेट नव्हतं, जोडीदाराला देण्यासाठी दुसरा रेग्युलेटर नव्हता. म्हणून माणूस पहिल्याच वर्गात पुरता तयार व्हावा, असा आग्रह होता. तरीही तो पुरता तयार होत नसे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं थंड पाणी, फुटणाऱ्या लाटा आणि केल्प या समुद्री शैवालाचं दाट रान सगळ्यांनाच झेपणारं नव्हतं. अखेर त्याच काउंटीनं कार्ड मिळालेल्यांसाठी साठच्या दशकात वेगळा प्रगत वर्ग काढला.

१९६६ मध्ये जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी ‘पॅडी’ ही प्रशिक्षण संस्था स्थापन केली. एरिक्सन शिकागोतले पोहण्याचे शिक्षक. शिक्षण पायऱ्यापायऱ्यांनी द्यायचं, ही त्यांची वाट. सत्तरच्या दशकात मापक, जॅकेट आणि जास्तीचा रेग्युलेटर रुळले, तसा पहिला वर्ग छोटा होत गेला. हे चांगलंच झालं. मास्क हिसकावण्यातून सोसायची ताकद कळते, समज कळत नाही. आणि त्या सोसण्यापायी कितीतरी शांत, विचारी माणसं पाण्याबाहेरच राहिली असती.

पण पायऱ्या पाडल्या की दोन पायऱ्यांमधलं अंतर ठरवावं लागतं. पॅडीचा पहिला वर्ग समुद्रातल्या चार डाइव्हचा आणि मर्यादा १८ मीटरची. ‘ॲडव्हान्स्ड’साठी आणखी पाच डाइव्ह, त्यात दिशा शोधण्याची एक आणि खोलीची एक सक्तीची, मर्यादा ३० मीटर. मधे अनुभवाची अट नाही. म्हणजे नववी डाइव्ह संपली की माणूस ‘प्रगत’. ‘एसएसआय’ ही दुसरी संस्था त्याच नावाच्या कार्डासाठी चार विशेष वर्ग आणि एकूण २४ डाइव्ह मागते. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

कारण १८ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या २.८ पट, ३० मीटरवर ४ पट. तेच सिलिंडर त्या प्रमाणात लवकर रिकामं होतं. अमेरिकन नौदलाच्या जुन्या तक्त्यात ६० फुटांवर ६० मिनिटं थांबून सरळ वर येता येई, १०० फुटांवर फक्त २५. शिवाय तिथे नायट्रोजनची गुंगी येऊ लागते आणि ती चढलेल्याला स्वतःला कळतेच असं नाही.

पाण्याची एक जात ओळखीची झाली म्हणजे सगळं पाणी ओळखीचं झालं, असंही नाही. सगळ्यांचे गुरू लिंबॉ १९६० मध्ये फ्रान्समधल्या कासीजवळच्या पोर्त-मियू इथल्या पाण्याखालच्या गुहेत वाट चुकून मरण पावले. पुढे फ्लोरिडातल्या गुहांनी खुल्या समुद्रात शिकवणारे प्रशिक्षकसुद्धा गिळले. गुहांमध्ये डाइव्ह करणारे शेक एक्सली यांनी १९७९ मध्ये अशा मृत्यूंची कारणं मांडली : बाहेरपर्यंत सलग दोरी नाही, परतीपुरती हवा राखली नाही, झेपणार नाही इतकी खोली. मी ते प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

आमच्याकडे रापण ओढणाऱ्या मच्छीमारांच्या घरातली मुलं शिकायला येतात. पाण्याची भीती त्यांना ठाऊकच नसते. पण बुडी मारताना श्वास धरायची त्यांची लहानपणापासूनची सवय सिलिंडर पाठीवर असताना घातक ठरते आणि ती मोडायला वेळ लागतो. शहरातून येणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांचं सारं लक्ष स्वतःच्या मास्ककडे आणि कानांकडे असतं. वर आल्यावर मी विचारते, तुझा जोडीदार कुठल्या बाजूला होता, त्याची हवा किती उरली होती? उत्तर आलं नाही, तर खोलीचा विषय मी काढत नाही. विद्यार्थी हातपाय न हलवता पाच मीटरवर स्थिर राहतो का, मी खूण करायच्या आत मापक बघतो का, गढूळ पाण्यात जोडीदार दिसेनासा झाला तर ठरल्याप्रमाणे मिनिटभर शोधून वर येतो का, एवढं मला दिसावं लागतं. लॉगबुकातला डाइव्हचा आकडा मी त्यानंतर बघते.

“ताई, सुट्टी शिल्लक आहे, ॲडव्हान्सही करून टाकू का?” असं पुण्या-मुंबईचे विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी विचारतात. मी त्यांना नेत्राणी बेटावर किंवा अंदमानला पाठवते : उथळ पाण्यात, दुसऱ्या कुणाबरोबर, आठ-दहा डाइव्ह करा आणि प्रत्येकीचा बेत निघण्याआधी स्वतः कागदावर मांडा. मग तो कागद घेऊन या. फी पुढच्या हंगामातही हीच राहील, हेही तेव्हाच सांगून टाकते.