उंदराने नेलेली वात

चिपळूणजवळ हालवर्ण गावी स्वराज्याच्या घोडदळाची पागा होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी 1670च्या दशकात पाठवलेले एक पत्र मराठी वाचकाला माहीत असते ते रयतेच्या कळवळ्यासाठी. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आत्ताच उधळलात तर पुढे कुणब्यांना लुबाडाल, आणि लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, ही त्यातली तंबी प्रसिद्ध आहे. त्याच पत्रात आगीबद्दलही बरेच काही आहे, पण तिकडे सहसा कोणी वळत नाही. कोणी भलत्याच जागी चूल मांडेल, कोणी आगटी पेटवेल, कोणी तंबाखूसाठी विस्तव घेऊन गवताजवळ जाईल, त्यात वारा असेल; रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, अशी एकेक शक्यता त्यात मोजून दाखवली आहे. एक खण पेटला की सगळे खण जातील आणि मग कुणब्यांच्या माना मारल्या तरी नवे लाकूड उभे राहणार नाही, हा त्यातला हिशेब. उपायही साधा आहे: उन्हाळाभर अधिकाऱ्यांनी स्वतः फिरावे, चुली आणि दिवे पाहावेत, लोकांना पुन्हा पुन्हा बजावावे. आग लागूच नये यावर सगळा भर आहे आणि ते काम तिथे राहणाऱ्यांवरच सोपवलेले आहे.

पुढच्या दोनशे वर्षांत हे काम घरातून बाहेर गेले. आधी ते शहराच्या आखणीवर टाकले गेले, मग बंबावर. ते अलीकडे कायद्याने पुन्हा घरात आणून ठेवले आहे, पण घराला अजून त्याचा पत्ता नाही, असे मुंबईच्या आगींचा इतिहास पाहिला की म्हणावे लागते.

17 फेब्रुवारी 1803 रोजी मुंबईच्या किल्ल्यात मोठी आग लागली. तटबंदीच्या आत, उत्तरेकडच्या भागात बाजार आणि घरे एकमेकांना खेटून होती. अरुंद गल्ल्या, लाकूडकाम, भरलेली गोदामे असे सगळेच आगीच्या सोयीचे होते. या आगीतून कंपनी सरकारने जो धडा घेतला तो जागेचा होता. किल्ल्याबाहेरचे मैदान मोकळे ठेवायचे आणि देशी वस्ती त्यापलीकडे वसवायची. काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी हा भाग त्यानंतर झपाट्याने भरत गेला. यावर कोणी म्हणेल की मैदान मोकळे केले ते तोफांच्या माऱ्यासाठी, आगीच्या भीतीने नव्हे. ते बरोबरच आहे. लष्करी गरज मोठी होती आणि आगीने तिला निमित्त पुरवले. पण माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. वस्ती हलली, सवयी हलल्या नाहीत. नव्या गावातही गल्ल्या तशाच अरुंद झाल्या, खाली दुकान, मधे गोदाम, वर बिऱ्हाडे अशी घरे उभी राहिली. 9 मे 2015 रोजी याच काळबादेवीतल्या एका जुन्या इमारतीला आग लागली. रहिवासी बाहेर पडले. पण इमारत कोसळली आणि अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. त्यांत दलाचे प्रमुखही होते.

दुसरा टप्पा बंबाचा. मुंबईत आग विझवण्याचे काम आधी पोलिसांकडे होते. 1887 पासून ते महापालिकेकडे आले आणि 1888च्या महापालिका कायद्याने अग्निशमन दल ठेवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरले. ही मोठीच सुधारणा होती, तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण बंब आला तसा घरातला माणूस निर्धास्त झाला. आग ही आता दुसऱ्या कोणाची तरी बाब झाली. बंबाच्या मर्यादा काय असतात ते 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत दिसले. फोर्ट स्टिकीन या जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटके एकाच वेळी लादलेली होती. दुपारी आग लक्षात आली, दल पोचले, पाण्याचा मारा सुरू झाला, आणि 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दलाचे 66 जवान त्या दिवशी मेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्यांच्या शौर्यात काहीच कमी नव्हते. कापूस आणि स्फोटके शेजारी ठेवण्याचा निर्णय मात्र बंब निघण्याच्या कितीतरी आधी झाला होता.

महाराष्ट्राच्या 2006च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने हे ओळखले. ज्या इमारतींना तो लागू आहे तिथे यंत्रणा बसवून ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारीत आणि जुलैत ‘फॉर्म बी’ हे प्रमाणपत्र द्यावे लागते. पागेतल्या अधिकाऱ्याने उन्हाळ्यात फिरावे, तशीच ही वर्षातून दोनदा घालायची फेरी आहे. प्रत्यक्षात जिन्यावर चपलांची कपाटे आणि सायकली असतात, विजेच्या डक्टमध्ये रद्दी कोंबलेली असते, होजच्या लाल पेटीतले पितळी नोझल केव्हाच गायब झालेले असते, गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते वॉचमनलाही माहीत नसते. चोराच्या भीतीने खिडकीला बसवलेल्या बॉक्स ग्रिलला उघडणारी झडप नसते. उंदराने न्यायची वात आता एकाच सॉकेटवर लावलेल्या तीन मल्टीप्लगांत असते.

यावर गंभीर आक्षेप आहे. पागडीच्या चाळीतल्या भाडेकरूने काय करायचे? वायरिंग पन्नास वर्षांचे, मालक दुरुस्ती करत नाही, गल्लीत बंब वळत नाही. अशा माणसाला सवयी शिकवणे म्हणजे बिल्डर, मालक आणि पालिकेला मोकळे सोडणे नव्हे काय? आक्षेप खरा आहे, आणि रहिवाशाच्या सावधगिरीने कोणाचाही गुन्हा माफ होत नाही. पण बंब उशिरा पोचेल हे ज्या गल्लीत नक्की आहे, तिथेच पहिल्या पाच मिनिटांचे मोल सर्वांत जास्त. 2018च्या ऑगस्टमध्ये परळच्या एका टॉवरला आग लागली, चौघे गेले. तिथे दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना ओल्या फडक्यातून श्वास घ्यायला लावला. त्यासाठी पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओल्या फडक्याने विषारी वायू अडत नाही, काजळी अडते, तेवढाच काय तो अवधी मिळतो. पण इमारतीचा दोष त्या मुलीला दूर करता येणार नव्हता, आणि जे येत होते ते तिने केले. दोन जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत, एक दुसरीची जागा घेत नाही.

तेव्हा येत्या जानेवारीत किंवा जुलैत सोसायटीच्या सचिवांना फॉर्म बी मागा. तो नसेल तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय लेखी द्या. आणि आज रात्री झोपण्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद करा, जिन्यातली सायकल हलवा आणि गच्चीची किल्ली कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही, सांगून ठेवा.