वाहणारा स्फटिक आणि आखडणारे रबर

पदार्थाच्या अवस्था तीन, हे आपण सगळेच शाळेत घोकलेले आहे. मिठाचा खडा घन, पाणी द्रव, वाफ वायू. आज ज्या रबराची हकिकत सांगायची आहे, तिची सुरुवात मात्र या तीन खणांत कुठेच न बसणाऱ्या पदार्थापासून होते.

1888 साल. प्राग शहरात फ्रीडरिश रायनित्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होते. त्यापासून तयार केलेला एक पदार्थ त्यांनी तापवला. 145.5 अंश सेल्सिअसला तो वितळला खरा, पण गढूळच राहिला. आणखी तापवला, तेव्हा 178.5 अंशांना एकदम नितळ झाला. एका पदार्थाला दोन वितळबिंदू! त्यांनी नमुने ऑटो लेमान या जर्मन वैज्ञानिकाकडे पाठवले. पदार्थ तापवता तापवता पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक लेमान यांच्यापाशी होता. हा गढूळ द्रव प्रकाशाशी स्फटिकासारखा वागतो, असे त्यांना आढळले. पुढे कित्येक वर्षे मोठमोठे रसायनज्ञ म्हणत राहिले, की छे, पदार्थच अशुद्ध असला पाहिजे!

आता आत काय चालते ते पाहा. संथ नदीतून वाहणारे लाकडाचे ओंडके आठवा. जागा कोणाचीच ठरलेली नाही, तोंडे मात्र सगळ्यांची एका दिशेला. द्रवस्फटिकातले लांबट रेणू असेच असतात. पुरेसे तापवले, की तोंडे चोहोकडे फिरतात. (रेणू लांबटच हवेत असेही नाही बरे का. चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक 1977 साली आपल्या बंगळूरला, रामन संशोधन संस्थेत, चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.)

रबर म्हणजे तर लांबच लांब साखळ्यांचा गुंता, मधूनमधून गाठी मारलेला. 1975 साली फ्रेंच शास्त्रज्ञ द जेन यांनी असा विचार मांडला, की हे ओंडके त्या साखळ्यांना जोडले तर? ओंडके एका दिशेला असताना साखळ्याही त्या दिशेला लांबतील. तापवले, की सारे विस्कटेल आणि रबर आखडेल. निवले, की पुन्हा लांब!

1981 मध्ये जर्मनीत फिंकेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या साखळ्यांना काडीसारखे रेणू जोडून असे रबर प्रत्यक्ष केले. पण ते आपणहून आखडेना. दिसायलाही गढूळ. कारण आत जणू लहान लहान वाड्या झाल्या होत्या आणि प्रत्येक वाडीची दिशा निराळी. एक पूर्वेकडे ओढी, दुसरी उत्तरेकडे. एकंदर हिशेब शून्य.

दहा वर्षांनी, 1991 मध्ये, क्युपफर आणि फिंकेलमान यांनी तोड काढली. गाठी मारणारा रेणू त्यांनी असा घेतला, की त्याचे एक टोक चटकन जोडले जाते, दुसरे फार सावकाश. अर्ध्या गाठी बसल्या, की त्या मऊ पट्टीला वजन टांगायचे. ताणाने सगळे रेणू एका दिशेला येतात. मग तशाच ताणलेल्या स्थितीत उरलेल्या गाठी बसू द्यायच्या. ओला वेत वाकवून बांधावा आणि वाळल्यावर सोडावा, तसे हे झाले. वजन काढले तरी दिशा कायम, आणि पट्टी नितळ! ही पट्टी तापवली की आखडते, निवली की लांबते. त्याच वर्षी द जेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते योग्यच. पण मला विचाराल तर या साऱ्या इतिहासात मानाचे पान त्या टांगलेल्या वजनाला द्यावे.

1997 मध्ये द जेन यांनी या रबराचे कृत्रिम स्नायू करावेत असे सुचवले. पुढे 2001 मध्ये प्रकाशाने आखडणारे रबरही झाले. काही जाती तापल्यावर निम्म्याहून कमी लांबीच्या होतात. अडचण एकच, पण मोठी: पट्टी जाड असली की उष्णता आतबाहेर जायला वेळ लागतो आणि हा स्नायू मंद पडतो.

शिक्षकांनी वर्गात एक करून पाहावे. साध्या रबराच्या पट्टीला वजन टांगून ती चांगली ताणावी आणि जपून ऊब द्यावी. वजन किंचित वर उचलले जाते. द्रवस्फटिक नसतानाही हे घडते, कारण साखळ्यांना मुळातच गोळा व्हायची ओढ असते. रबराचा हा गुण इंग्लंडच्या जॉन गॉफ यांनी 1805 साली नोंदवला. ते अंध होते. रबर झटकन ताणले की गरम होते, हे त्यांनी पट्टी ओठांना लावून ओळखले होते.