'धातु' : एका पारिभाषिक संज्ञेची अर्थपरंपरा

'धातू' म्हटले की वैयाकरणास क्रियापदाचे मूळ आठवते, रसायनाच्या अभ्यासकास लोखंड-तांबे, तर वैद्यास रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र हे सप्तधातू. यांपैकी एकच अर्थ मूळचा व उरलेले लाक्षणिक, अशी समजूत सहज होते. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

'धातु' हा शब्द 'धा', म्हणजे ठेवणे, धारण करणे, यापासून 'तु' प्रत्ययाने सिद्ध होतो. ऋग्वेदातील 'त्रिधातु' या समासात त्याचा अर्थ 'थर' किंवा 'घटक' असा आहे. पाणिनीने 'भू' आदींना ही संज्ञा दिली. तेथे प्रत्यय वेगळे केल्यावर उरणारा, त्यांना आधारभूत असणारा अंश तो धातू. आयुर्वेदात शरीराचे धारण करणारे ते धातू; म्हणूनच 'धातुसाम्य' हे तेथे आरोग्याचे लक्षण ठरते. बौद्धांनी इंद्रिये, विषय व विज्ञाने मिळून अठरा धातू मानले. बुद्धाच्या शरीरावशेषांसही तेच नाव दिले. असे अवशेष पोटी धरणारा तो 'धातुगर्भ'. सिंहली 'दागब' हे त्याचेच रूप होय.

खनिजवाचक अर्थही याच 'घटका'तून आलेला दिसतो, परंतु आरंभी तो आजच्याइतका संकुचित नव्हता. मेघदूतातील यक्ष शिळेवर प्रियेचे चित्र रेखाटतो ते धातुरागाने, म्हणजे गेरूसारख्या खनिज रंगाने. तेथे लोखंड-तांबे डोळ्यांपुढे आणल्यास अर्थाचा अनर्थ होतो.

या जुन्या अर्थाची साक्ष मराठीतही मिळते. प्राकृत 'धाउ' या रूपातून आलेला 'धाऊ' किंवा 'धाव' हा शब्द मराठीत एका मऊ तांबड्या दगडाचा वाचक आहे. लोखंड गाळणाऱ्या 'धावड' जातीचे नाव टर्नर यांनी आपल्या तौलनिक कोशात याच शब्दाशी जोडले आहे. महाबळेश्वराच्या परिसरातील धावडांच्या भट्ट्या केव्हाच विझल्या. नाव मात्र उरले.

सारांश, येथे मूळ अर्थ एका शास्त्राचा व इतरांनी तो उसना घेतला, असे म्हणता येत नाही. 'ज्याच्या आधारे वस्तू उभी राहते तो घटक' ही कल्पना प्रत्येक शास्त्राने आपल्या विषयास लावली. त्यांतील एक जुनी छटा मात्र ग्रंथांतून आलेल्या तत्सम 'धातू'पेक्षा, भट्टीजवळ झिजून तयार झालेल्या तद्भव 'धाव' शब्दाने अधिक निष्ठेने सांभाळली. पारिभाषिक शब्दांचा इतिहास लिहिताना ग्रंथांइतकेच कारागिरांच्या बोलीसही प्रमाण मानावे लागते, ते यासाठीच.