तुर्कस्तानचा भूकंप आणि आपलं धुळं

६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला, ५० हजारांवर माणसं गेली. आपले एनडीआरएफचे जवान श्वानपथक घेऊन लगेच तिकडे पोचले. तेव्हा जळगावात मी ऐकलं, "आपलंच इथं काय कमी पडलंय, जगाची उठाठेव कशाला?"

मंडळी, किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लष्कर, पोलीस, गावकरी धावले. पण याच कामासाठी तयार केलेलं दल तेव्हा देशात नव्हतं. पुनर्वसनाला जागतिक बँकेचा पैसा लागला. पुढे भूज झालं, त्सुनामी आली, मग २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि २००६ ला एनडीआरएफ. हे दल २०११ च्या भूकंपानंतर जपानलाही गेलं होतं. राज्याच्या एसडीआरएफची तुकडी तर आपल्या धुळ्यातच आहे.

खानदेशातली जुनी धाब्याची घरंही माळवदासारखीच जड. १९३८ ला सातपुडा हादरला होता, हे आपण विसरलो. परदेशातल्या ढिगाऱ्यात जवान जे शिकतात, ते उद्या आपल्याच कामी येणार. म्हणून मला ती उठाठेव वाटत नाही.